वचनांची डबी घ्यावी का? घ्या, पण ती अर्धीच भरलेली येते

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, डबी घेण्यासारखी आहे, किंमत शंभराच्या आत, घरात लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर नक्कीच घ्या. पाचपैकी तीन स्टार. एक स्टार प्लॅस्टिक आणि छपाईसाठी कापलाय, दुसरा आतल्या मालासाठी. प्लॅस्टिकचं दोन मिनिटांत सांगून होईल, मालाचं मात्र जरा लांबण लागणार आहे.

ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगते, वचन डबी किंवा प्रॉमिस बॉक्स म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत शंभर-सव्वाशे छोटी कार्डं उभी लावलेली, प्रत्येकावर बायबलमधली एक ओळ, एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी. सकाळी एक कार्ड ओढायचं, वाचायचं, परत खोचायचं. आम्ही कन्व्हेन्शनच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या सभेच्या, मंडपाबाहेरच्या स्टॉलवरून घेतली. छापणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर नातेवाइकांकडच्या दुसऱ्या कंपन्यांच्या डब्याही उघडून बघितल्या तर थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच, मग एकालाच कशाला धरायचं.

आमची डबी पावाच्या आकाराची आहे, येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो म्हणून असेल. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना पाव देऊन काय सांगायचंय ते छापणाऱ्यालाच माहीत, पण लेकरांना आकार आवडला म्हणून तीच घेतली.

आधी प्लॅस्टिकचं. झाकणाची बिजागरी नाजूक आहे, दोनदा खाली पडली की गेलीच समजा. खिडकीजवळ ठेवू नका, धुळ्याच्या मे महिन्यात आमचं झाकण असं वाकलं की आता एका कोपऱ्याला बंदच होत नाही. कार्डं इतकी ठासून भरलेली येतात की सुरुवातीला नखाने उचकटून काढावी लागतात, त्यामुळे पहिली काही कार्डं कोपऱ्यात फाटली. पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. कणकेच्या हाताने धरलं की रंग बोटाला लागतो. आणि छपाई करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, स्तोत्रसंहितेचं ‘स्त्रोत्र’ करून ठेवलंय बऱ्याच कार्डांवर, रफार भलत्याच अक्षरावर गेलाय, एका कार्डावर अध्याय बरोबर पण ओवीचा नंबर चुकलेला. देवाचं वचन छापताय बाबांनो, मराठी येणाऱ्या एका माणसाला प्रूफ दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता वापर. आमचं घर धुळ्यातच देवपूरला. सकाळी नळाला पाणी यायची वेळ आणि लेकरांच्या रिक्षाची वेळ जवळजवळ एकच, त्यात यांचा डबा, माझा डबा, मला पतपेढीत वेळेवर पोचायचं असतं. कौटुंबिक प्रार्थना रोज व्हायलाच पाहिजे असं प्रत्येक पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, लग्नाच्या उपदेशात सांगतात, आमच्याही लग्नात सांगितलं होतं आणि आम्ही मान डोलावली होती, पण बायबल उघडून अध्याय वाचायचा म्हटलं की एक जण बाथरूममध्ये, एक जण चार्जर शोधतोय आणि कुकरची शिट्टी त्याच वेळी. डबीने हे खरंच सोडवलं. चहा ओतला की डबी टेबलावर येते, ज्याचा नंबर असेल तो कार्ड ओढतो, मोठ्याने वाचतो, सासूबाई दोन वाक्यांची प्रार्थना करतात, झालं. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण त्या वेळात घरातली सगळी माणसं एका जागी असतात आणि फोन कोणाच्याच हातात नसतो. घरात देवासाठी जागा करायची म्हणजे वेगळी खोली, वेगळा तास असं काहीतरी मोठं डोक्यात असतं आपल्या, त्यामुळे होतच नाही. इथे साखरेच्या डब्याशेजारी जागा झाली.

सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. त्या कार्ड ओढतात आणि नातवाच्या हातात देतात, “काय निंघनं रे भाऊ?” आणि तो सातवीतला मुलगा, ज्याला एरवी वाचायला बस म्हटलं की पोटात दुखतं, आजीसाठी स्पष्ट उच्चारात वाचतो. फक्त ह्या एका गोष्टीसाठी मी पैसे वसूल झाले म्हणेन. मोबाईलवरचं बायबल अ‍ॅप फुकट आहे, ऑडिओ आहे, अहिराणीतला नवा करारसुद्धा आता इंटरनेटवर वाचायला मिळतो, सगळं मान्य, पण अ‍ॅप ज्याच्या त्याच्या खिशात राहतं. आणि अ‍ॅपमध्ये वचन वाचलं की खाली शेअरचं बटण असतं. मग ते स्टेटसला जातं, मग किती जणांनी बघितलं ते बघितलं जातं, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून कर असं प्रभूने सांगितलंय ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातच राहून जातं. कार्डाचाही फोटो काढून टाकणारे आहेत आमच्या ग्रुपात, नाही असं नाही, पण कार्डाला स्वतःला बटण नाही एवढं बरं.

आता दुसऱ्या स्टारचं.

झालं असं की एका रविवारी दुपारी लाईट गेलेली, जेवून सगळे चटईवर लवंडलेले, सासूबाईंनी सहज विचारलं, “देव नुस्ता देसच का व माय, काही सांगस बी नही का?” मला आधी कळेना कशाबद्दल चाललंय. मग म्हणाल्या, इतके दिवस कार्डं ऐकतेय, रोज आपलं मी तुला देईन, मी तुला उचलून धरीन, तुझे वैरी पळतील, हेच. अरे, आमच्या वेळचे प्रचारक तर घरी आले की काम सांगून जायचे.

मी डबी चटईवर उपडी केली. कार्डं वेगळी केली, एकीकडे ‘भिऊ नको’वाली, एकीकडे ‘देईन’वाली, एकीकडे ‘तू जिंकशील’वाली आणि चौथ्या ढिगाला म्हटलं ‘तू हे कर’वाली. पहिले तीन ढीग जाडजूड. चौथ्यात एका हाताच्या बोटांवर मावतील एवढीच आणि त्यातही एक ‘सर्वदा आनंद करा’. पाय धुवा, नाही. शत्रूवर प्रीती करा, नाही. वधस्तंभ उचल आणि मागे ये, नाही. मीखाच्या सहाव्या अध्यायातलं नम्रपणे देवाबरोबर चालायचं, तेही नाही, आणि ते तर जुन्या करारातलं किती लाडकं वचन आहे, भिंतीवर लावतात लोक. म्हणजे बायबलमधून फक्त मिळण्याच्या ओळी वेचून काढल्यात आणि वाकण्याच्या तेवढ्या बाहेर ठेवल्यात.

आता कोणी म्हणेल नावच वचनांची डबी आहे, त्यात अभिवचनंच, म्हणजे देवाने दिलेले शब्दच, असणार. बरोबर. पण त्या ओळी जिथून उचलल्यात तिथे जाऊन वाचा ना. मी नंतरच्या आठवड्यात रोज रात्री एकेक काढून वाचलं आणि डोकं गरगरलं.

सगळ्यात लाडकं कार्ड यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, ओवी ११), तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भवितव्याची आशा देणारे आहेत. वाढदिवसाला हेच, नोकरी लागली की हेच, बारावीच्या निकालाला हेच. हे वाक्य आहे एका पत्रातलं, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पाठवलेल्या. बरोबर आधीच्या ओवीत लिहिलंय की सत्तर वर्षं झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक सगळे तिथेच मरणार होते. आणि त्याच्याही आधी काय सांगितलंय, तर घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणखी गंमत तर एक अध्याय आधी आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, त्याने लोकांना सांगितलं होतं की काळजी करू नका, दोन वर्षांत सगळं परत मिळेल, मंदिरातली भांडीसुद्धा. लोकांना तो आवडला असणारच. यिर्मयाने त्याला तोंडावर सांगितलं की तुला देवाने पाठवलं नाही, तू ह्या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोस. त्या काळी कार्डं छापत असते तर हनन्याची डबी हातोहात खपली असती आणि आपण यिर्मयाचं वाक्य हनन्याच्या डबीत घालून विकतोय.

मुलाच्या चाचणी परीक्षेच्या दिवशी निघालं अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २८:१३, परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही. स्वारी उड्या मारत गेली. त्या ओवीतच पुढे अट आहे, आज्ञा ऐकून पाळशील तर, कार्डावर अट छापलेली नाही. आणि त्याच अध्यायात आशीर्वाद चौदाव्या ओवीला संपतात, पंधरापासून अडुसष्टपर्यंत शापच शाप. मी काही लेकराला सकाळी सकाळी शाप वाचून दाखवा म्हणत नाही, पण ‘तर’ हा शब्द तरी ठेवायचा होता.

एक्क्याण्णवावं स्तोत्र, दूत तुला हातांवर झेलून धरतील. फार दिलासा आहे त्यात, माझ्या वडिलांच्या तोंडात शेवटपर्यंत होतं. पण शुभवर्तमानात हीच ओवी कोणी म्हणून दाखवलीय आठवतंय का? सैतानाने. मंदिराच्या शिखरावर नेऊन, घे उडी, लिहिलंय ना झेलतील म्हणून. प्रभूने उडी घेतली नाही. म्हणजे वचन खरं असूनही ते वापरायची एक रीत चुकीची असू शकते, आणि ती रीत म्हणजे देवाला कामाला लावणं.

प्रेषित पौलाच्या पत्रातलं फिलिप्पैकरांस ४:१३ तर जिमच्या भिंतीवर पण बघितलंय, मी सर्वकाही करू शकतो. पौल तेव्हा कैदेत होता आणि एक ओवी आधी सांगतोय की मला उपाशी राहायचंही कळलंय आणि पोटभर असायचंही. सर्वकाही म्हणजे हे सर्वकाही.

मला हे सगळं नुसतं अभ्यासाचं वाटलं असतं तर इतकं लिहिलं नसतं. पण आमच्या ओळखीतल्या एका बाईंना कॅन्सर झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण तसलंच एक कार्ड उशाशी ठेवून जायचा, तू बरी होशील, प्रभूच्या फटक्यांनी आपण बरे झालो. त्या शेवटी शेवटी म्हणायच्या की मी बरी होत नाहीये म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का गं. दुखणं होतं ते होतंच, वरून हे ओझं. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे, काटा काही निघाला नाही. त्यातलं ‘कृपा पुरे’ एवढं कार्ड आमच्या डबीत आहे, काटा नाहीये. काटा असता तर निदान त्या बाईंना सोबत झाली असती.

ही चिठ्ठी ओढायची रीत काही आजची नाही. जर्मनीत हर्नहुट म्हणून गाव आहे, तिथे काउंट झिंझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर मोरावियातून (आताच्या चेक देशातून) पळून आलेले ख्रिस्ती विश्वासी राहत होते. ३ मे १७२८ च्या संध्याकाळच्या सभेत त्याने दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली, मग रोजची ओळ घरोघर जाऊन सांगायची पद्धत पडली, १७३१ पासून ती वर्षाच्या पुस्तकात छापायला लागले आणि ते पुस्तक अजूनही निघतं, पन्नासहून जास्त भाषांत. जुन्या करारातली ओवी आजही तिथे चिठ्ठी टाकूनच निवडतात, मग तिला साजेशी नव्या करारातली ओवी शोधून जोडतात आणि खाली एक प्रार्थना किंवा गीताचं कडवं. मला त्यात दोन गोष्टी आवडल्या. एक तर अख्ख्या मंडळीला एकच ओळ, माझी वेगळी तुझी वेगळी असं नाही, त्यामुळे ‘देवाने आज मला खास सांगितलं’ हा तोरा मिरवायला जागा कमी. आणि दुसरं म्हणजे त्यात आज्ञाही येतात, विलापही येतात.

एकतीस डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे वर्षाचं वचन वाटतात ना, ताटात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या घेऊन चर्चचे पंच, म्हणजे मंडळीचे निवडलेले कारभारी, फिरतात आणि आपण उचललेली उघडून बघून शेजारच्याचीही डोकावून बघतो. मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडे वर्षाच्या सुरुवातीला वेगळंच आहे, त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने १७५५ मध्ये कराराच्या नूतनीकरणाची भक्ती सुरू केली, तिच्यात माणूस देवाला म्हणतो की मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, भर नाहीतर रिकामं कर, तुझी मर्जी. एकाच रात्री दोन्ही करता येईल की. चिठ्ठी घ्या आणि हेही म्हणा.

नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो, त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा बांधलेला पगार सोडून दिला होता, हे उगाच मध्येच आठवलं म्हणून लिहिलं. पगार सोडा असं कोणतंच कार्ड आमच्या डबीत नाही आणि पतपेढीत असल्यामुळे मला ते सोयीचंच आहे.

तर मग आम्ही काय केलं. डबी फेकली नाही, त्यातली कार्डंही काढली नाहीत, ‘भिऊ नको’ची गरज कोणाला नसते? स्टेशनरीच्या दुकानातून जाड कार्डपेपर आणला, मुलीने मापात कापला, आणि जेवढी कार्डं चौथ्या ढिगात असायला पाहिजे होती तेवढी हाताने लिहिली. योहान १३, मी तुमचे पाय धुतले तर तुम्हीही एकमेकांचे धुवा. लूक १७:१०, सगळं करूनही म्हणा की आम्ही निरुपयोगी दास आहोत, जे करायचं होतं तेच केलं. मत्तय ६:३, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नको. याकोब ४, उद्या अमुक गावी जाऊन व्यापार करू म्हणणाऱ्यांनो, प्रभूची इच्छा असेल तर म्हणा (हे यांच्या कापसाच्या धंद्यासाठी नव्हतं, पण यांनी तसंच घेतलं). अनुवादच्या कार्डावर पेनाने ‘तर’ वाढवला. यिर्मयाच्या कार्डामागे इंग्रजीच्या खाली जागा होती तिथे लिहिलं, ‘सत्तर वर्षं. मळे लावा.’

लूकच्या चौदाव्या अध्यायातलं पण घातलं, लग्नाला बोलावलं तर मुख्य जागेवर जाऊन बसू नको, शेवटच्या जागेवर बस. हे आपल्या खान्देशात जितकं झोंबतं तितकं कुठे झोंबत नसेल. पुकारताना नाव घेतलं नाही म्हणून जेवण न करता निघून गेलेले मामा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, फेटा आधी कोणाला बांधला त्यावरून दोन दोन वर्षं अबोला. ख्रिस्ती झालो म्हणून मानपान सुटलेला नाही, फक्त फेट्याच्या जागी आता स्टेजवरची खुर्ची आलीय. पंचांच्या निवडणुकीवर मी इथे काही लिहिणार नाही, शहाण्यांना कळेल.

आता कसं चाललंय ते सांगते. यांचं आणि वरच्या मजल्यावरच्या दिरांचं बोअरच्या मोटरच्या बिलावरून वाजलेलं होतं, रिवायंडिंगचे पैसे कोणी द्यायचे. त्याच सुमारास यांना निघालं तेविसावं स्तोत्र, माझ्या वैऱ्यांच्या देखत तू माझ्यासाठी ताट वाढतोस. वर बघून असे हसले की विचारू नका. म्हणजे सख्खा भाऊ आता वैरी आणि देव ह्यांच्या बाजूने वाढपी! ह्या छापील कार्डांची हीच गोची आहे, ओढणारा नेहमी छळ सोसणारा दावीद असतो, त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल कायम शेजारी राहतो. पुढे काही दिवसांनी ह्यांच्याच हाताला हाताने लिहिलेलं लागलं, मत्तय ५:२३-२४, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. “हे कोणी लिहिलं?” म्हणून माझ्याकडे बघितलं. अक्षर मुलीचं होतं. परत खोचून दुसरं ओढू लागले तर सासूबाईंनी डबीवर हात ठेवला, एकदाच ओढायचं हा आमचा नियम आहे. चहा संपवून गेले वर. भाऊ दारातच म्हणाला, मोटरचे पैसे आणले का? ह्यांनी अर्धे दिले. समेट म्हणावा की हप्ता ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण जिन्यात भेटल्यावर बोलतात आता.

एक सावधगिरी सांगून ठेवते कारण आमच्याकडे लगेच घडलं. हाताने लिहायची मुभा मिळाली की माणूस दुसऱ्यासाठी लिहायला लागतो. मुलीने गुपचूप घातलं, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. मुलाने ताईसाठी घातलं, जीभ आवरण्याबद्दलचं. मला एका जवळच्या बाईसाठी नीतिसूत्रांतलं एक फारच चपखल सापडलं होतं, पण हात आवरला. मग ठरलं की जो लिहील त्याने ते आधी स्वतःसाठी आठवडाभर उशीखाली ठेवायचं आणि मग डबीत घालायचं. त्या दिवसापासून नवीन कार्डांचा ओघ एकदम आटलाय.

तक्रार नाही असंही नाही, मुलगा म्हणतो आता डबी पहिल्यासारखी मजेशीर राहिली नाही, काय निघेल सांगता येत नाही. पाहुणे आले की त्यांना ओढायला देतो तेव्हा मात्र मी जरा बघून देते, दुःखात असलेल्या माणसाच्या हातात ‘कर’वालं कार्ड पडू नये असं वाटतं. सासूबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात बायबलात कोणी निवडून दिलं होतं का. नवापूरकडे माझं माहेर, तिकडच्या घरसभांमध्ये अध्याय क्रमानेच वाचतात, जे येईल ते, गोड असो की कडू, आणि खरं सांगायचं तर ती रीत डबीपेक्षा बरीच बरी आहे, फक्त सकाळी सात वाजता धुळ्यात ती जमत नाही.

कोणी घ्यावी: ज्यांच्या घरी एकत्र बसणं बंद पडलंय, लेकरं वाचायला शिकताहेत, म्हाताऱ्यांना सोबत हवीय. कोणी घेऊ नये: जे रोज अध्याय वाचतात त्यांना गरज नाही, आणि ज्यांना परीक्षेचा, दवाखान्याचा, प्लॉटच्या सौद्याचा निकाल आधी कळून हवाय त्यांनी तर अजिबात नको, ते ज्योतिष झालं. आजाऱ्याला भेट म्हणून द्यायची असेल तर त्याऐवजी तासभर जाऊन बसा, डबा घेऊन जा.

घेताना स्टॉलवर झाकण दोनचार वेळा उघडबंद करून बघा, वरच्या पाचसहा कार्डांचं मराठी वाचून बघा, इंग्रजी बाजू चकचकीत आणि मराठी बाजू फिकी असेल तर दुसरं पॅकेट मागा. प्रकाशकांपैकी कोणी वाचत असेल तर एवढंच करा, शेवटी दहा-पंधरा कोरी कार्डं घाला, खर्च काहीच नाही. तोपर्यंत कार्डपेपर घरीच आणावा लागेल, दुकानात दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा मागा, पातळ घेतला तर पावसाळ्यात लगेच चिकटतो आणि फार जाड घेतला तर झाकण लागत नाही.